अब्दुल्ला युसूफ अली : मुंबईच्या शाळेतून कुरआनच्या इंग्रजी तर्जुम्यापर्यंत

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, जुजदानात गुंडाळलेल्या कुरआन शरीफशेजारी एक जाड ग्रंथ उभा असतो. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी आणि खाली बारीक अक्षरांत टिपा. कुणाच्या आजोबांनी हजवरून आणलेला असतो, कुणाला निकाहात भेट म्हणून मिळालेला असतो. त्यावर नाव असतं, अब्दुल्ला युसूफ अली. लोकांना वाटतं, हे कुणी अरब आलिम असतील, नाही तर विलायतेतले प्रोफेसर. हा माणूस मुंबईत शिकला, अंजुमन-ए-इस्लामच्या बाकावर बसला, मुंबई विद्यापीठातून बीए झाला, हे मुलांना सांगितलं की त्यांना नवल वाटतं. पुष्कळदा त्यांच्या अब्बा-अम्मींनाही वाटतं.

आम्ही मावळात मुलांना शिकवतो. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या पट्ट्यातले पालक शाळेच्या फाटकात, बाजारात, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर भेटतात आणि दहातले आठ एकच विचारतात. सर, पोराचं इंग्रजी वरच्या दर्जाचं कसं होईल? मग पुण्याहून आणलेलं, हजारो अवघड शब्दांचं जाड पुस्तक दाखवतात. रोज वीस शब्द पाठ करायला लावलेत म्हणतात. त्याच पालकांच्या मनात दुसरी एक भीतीही असते, ती ते जरा हळू आवाजात बोलतात. इंग्रजी माध्यमात घातलं तर उर्दू जाईल, दीन पातळ होईल, पोरगं आपलं राहणार नाही. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं पुस्तकी पद्धतीने देण्यापेक्षा आम्हाला युसूफ अली साहेबांची हयात सांगावीशी वाटते. ती सरळ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिच्यात अभिमान वाटावा असं बरंच आहे आणि जीव कळवळावा असंही.

त्यांचा जन्म 1872 चा. घराणं दाऊदी बोहरा परंपरेतलं, पण वडील युसूफ अली अल्लाबख्श यांनी दोन वाटा सोडल्या. ते सुन्नी झाले आणि जमातीचा पिढीजात व्यापार सोडून पोलीस खात्यात इन्स्पेक्टर झाले. निवृत्तीनंतर त्यांना खानबहादूर हा किताब मिळाला. व्यापाऱ्याच्या घरात मूल हिशेब आधी शिकतं. या घरात मुलाने आधी अरबी अक्षरं शिकली, तीही खुद्द वडिलांकडून. त्या वेळी तो चार-पाच वर्षांचा होता. आपल्याकडे चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं मूल झालं की बिस्मिल्लाह करतात आणि कुरआन वाचून झालं की खतमचा समारंभ होतो, मिठाई वाटतात. त्या खतमची पुसट आठवण युसूफ अली साहेबांना म्हातारपणापर्यंत होती. तर्जुम्याच्या प्रस्तावनेत त्यांनी ती लिहिली आहे. लोक त्याला पूर्ण झालं म्हणत होते, पण आपली खरी सुरुवात तिथून झाली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. वडिलांकडून आपण अरबी तर शिकलोच, पण भाषेपलीकडचंही काही आपल्यात उतरलं, हेही त्यांनी कृतज्ञतेने नोंदवलं आहे.

म्हणजे बघा, ज्या माणसाच्या इंग्रजीने पुढे केंब्रिजवाल्यांनाही मान हलवायला लावली, त्याच्या तोंडात पहिले उच्चार अरबीचे होते. अर्थ कळण्याच्या आधी नाद कळला. भाषेचा कान तिथे तयार झाला. शाळेतल्या अनुभवावरून आम्ही हे ठामपणे सांगतो, की ज्या मुलाला एका भाषेत नीट ऐकता येतं, त्याला दुसरी भाषा लवकर ऐकू येते. ज्याची पहिलीच भाषा अर्धीकच्ची, त्याची इंग्रजीही अर्धीकच्चीच राहते. फी कितीही भरा.

त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणायला हवी. 1857 नंतर मुसलमान समाज इंग्रजी शाळेकडे संशयाने बघत होता. सरकारी नोकऱ्यांत, कोर्टांत, कॉलेजांत दुसरे पुढे निघून गेले होते. अशा वेळी 1874 मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे भाऊ कमरुद्दीन तय्यबजी आणि कोकणी मुसलमान समाजातले शेठ नाखुदा मुहम्मद अली रोगे अशा मंडळींनी अंजुमन-ए-इस्लाम काढली. 1880 मध्ये तिची शाळा सुरू झाली. बोहरा, खोजा, मेमन, कोकणी अशा घरी वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या मुलांना उर्दूने जोडायचं, इंग्रजीने उभं करायचं आणि दीनही सांभाळायचा, असा तो विचार होता. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर दिसते ती अंजुमनची देखणी इमारत 1893 ची. युसूफ अली शिकले तेव्हा ती नव्हती. शाळा साध्या जागेत भरत असे.

तिथून पुढे ते मिशनऱ्यांच्या शाळेत आणि कॉलेजात गेले. हे कॉलेज जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्याच्या नावाने ओळखलं जातं. वडिलांनी मुलाला तिथे घालताना किती वेळा विचार केला असेल, याची कल्पना आपल्यातल्या प्रत्येक पालकाला येईल. आजही कॉन्व्हेंटचा फॉर्म भरताना घरात दोन दिवस चर्चा चालते! पण ज्या मुलाच्या मनात वडिलांनी अरबी रुजवली होती, त्याचं तिथे काही बिघडलं नाही. उलट बायबलची इंग्रजी, मिल्टन आणि शेक्सपिअर यांची इंग्रजी त्याने तिथे पचवली. जानेवारी 1891 मध्ये इंग्रजी साहित्य घेऊन ते पहिल्या वर्गात बीए झाले. वय अठरा-एकोणीस. मुंबई इलाख्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याच वर्षी ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात कायदा शिकायला गेले. त्याच साली वडीलही गेले.

केंब्रिजची बीए आणि एलएलबी 1895 मध्ये झाली. इंडियन सिव्हिल सर्व्हिस, म्हणजे आयसीएसमध्ये निवड झाली. पुढल्या वर्षी लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. सनद मिळाली तेव्हा ते हिंदुस्थानात परतलेलेही होते. नेमणूक संयुक्त प्रांतात, आजच्या उत्तर प्रदेशात. सहारनपूर, बरेली, सुलतानपूर, फतेहपूर अशा ठिकाणी कलेक्टर कचेरीत काम.

या नोकरीत त्यांनी एक काम केलं, त्यावर चरित्रं लिहिणारे फारसं थांबत नाहीत. आम्हाला मात्र शिक्षक म्हणून तिथे थांबावंसं वाटतं. 1900 मध्ये त्यांनी त्या प्रांतातल्या रेशमी कापडावर एक सविस्तर पुस्तिका लिहिली. सरकार तेव्हा प्रत्येक प्रांतातल्या हुन्नरांवर अशा पुस्तिका अधिकाऱ्यांकडून लिहून घेत असे. आता रेशमावर लिहायचं तर मिल्टन उपयोगाचा नाही. किडा, कोष, सूत, माग, ताणा-बाणा, रंग, जर, किनखाब या एकेका गोष्टीला तिचं नेमकं नाव लागतं. विणकराच्या तोंडचा शब्द आधी समजून घ्यायचा, मग तो इंग्रजीत कसा जाईल ते बघायचं, गेला नाही तर तसाच ठेवून समजावायचा. हा तरुण अधिकारी 28 वर्षांचा होता आणि पुढे 34 वर्षांनी जे मोठं काम छापायला देणार होता, त्याची तालीम जणू त्याने रेशमावर केली. 1907 मध्ये हिंदुस्थानातल्या लोकांचं जगणं आणि मेहनत यांवरचं त्यांचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. तेही असंच, गाव आणि शहर, कारागीर आणि शेतकरी यांच्यात फिरून गोळा केलेल्या माहितीवर उभं.

वीस शब्द रोज पाठ करणाऱ्या मुलांना आम्ही म्हणूनच सांगतो की शब्द यादीतून येत नाहीत, कामातून येतात. आपल्या लोणावळ्याचंच घ्या. जून ते सप्टेंबर आपण ढगात राहतो. धुकं, विरळ धुकं, भुरभूर, सर, झोड, मुसळधार हे सगळं आपल्या अंगावर पडलेलं आहे. मग फॉग आणि मिस्ट यांतला फरक, हेझ म्हणजे काय, ड्रिझल कुठे संपतं आणि डाउनपोर कुठे सुरू होतो, हे लोणावळ्याच्या मुलापेक्षा जास्त कुणाला कळणार? चिक्कीच्या दुकानात बसणाऱ्या मुलाला चिक्कीचं इंग्रजी विचारलं तर तो चिक्कीच म्हणतो, आणि ते चूक नाही. पण ब्रिटल हा शब्द ठिसूळ या अर्थाने परीक्षेत येतो, आणि तोच शब्द शेंगदाण्याच्या चिक्कीसारख्या मिठाईलाही वापरतात, हे कळलं की तो शब्द त्याच्या जिभेवर कायमचा बसतो. आणि घाट? तो तर आपणच इंग्रजीला दिला. 1863 मध्ये भोर घाटातून रेल्वे वर आली, त्याच्याही आधीपासून इंग्रज तो शब्द वापरत होते. आज तो त्यांच्या शब्दकोशात आहे.

असो. पुन्हा युसूफ अली साहेबांकडे वळू.

1900 मध्येच त्यांनी टेरेसा शाल्डर्स नावाच्या इंग्रज बाईंशी लग्न केलं. लग्न इंग्लंडमध्ये, चर्चमध्ये झालं. तीन मुलगे आणि एक मुलगी झाली. ते स्वतः नोकरीसाठी हिंदुस्थानात आणि बायको-मुलं विलायतेत, असा संसार चालला. मधूनमधून रजा काढून ते जात. 1906 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये त्यांचं व्याख्यान झालं आणि तिथल्या मोठ्या वर्तुळांत नाव झालं. मोठमोठ्या संस्थांचे ते फेलो झाले. भाषेच्या जोरावर एखाद्या हिंदुस्थानी माणसाला त्या काळी जितकं आत जाता येत होतं तितके ते गेले. पण घर टिकलं नाही. 1912 मध्ये घटस्फोट झाला. मुलांचा ताबा न्यायालयाने बापाकडे दिला, मुलं इंग्लंडमध्येच दाईच्या हाताखाली वाढली आणि बापापासून मनाने तुटली. ती दरी पुढे बुजली नाही.

1914 मध्ये त्यांनी आयसीएसचा राजीनामा दिला आणि इंग्लंडमध्ये राहायला गेले. वोकिंगच्या शाहजहान मशिदीचे ते विश्वस्त होते. पुढे पूर्व लंडनमध्ये मशीद उभारण्यासाठी जो निधी होता, त्याचेही झाले. पण याच काळातली एक गोष्ट आपल्या लोकांना आजही खुपते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान इंग्रजांच्या विरुद्ध बाजूला होतं, हिंदुस्थानचे मुसलमान खिलाफतीच्या काळजीने व्याकूळ होते, मौलाना मुहम्मद अली आणि शौकत अली यांना नजरकैद झाली होती. युसूफ अली मात्र ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने लिहीत-बोलत राहिले. 1917 मध्ये त्यांना सीबीई हा किताब मिळाला. आमच्या मते इथे त्यांचं चुकलं. इंग्रजी भाषेवरचं प्रेम आणि इंग्रजी सत्तेवरची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना त्या वेगळ्या करता आल्या नाहीत. मौलाना मुहम्मद अली ऑक्सफर्डला शिकलेले. त्यांची इंग्रजीही तितकीच धारदार. ती त्यांनी सत्तेविरुद्ध चालवली. मुलांना एकाची गोष्ट सांगताना दुसऱ्याचीही सांगावी.

युद्धाच्या शेवटच्या वर्षांत ते लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजमध्ये हिंदुस्थानी शिकवत होते. गोऱ्या विद्यार्थ्यांना आपली भाषा शिकवताना माणसाला स्वतःच्या भाषेचे सांधे दिसायला लागतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना उर्दू शिकवताना हे आम्ही रोज बघतो. 1920 मध्ये त्यांनी गर्ट्रूड मॉबी यांच्याशी दुसरं लग्न केलं. बाईंनी मासूमा हे नाव घेतलं. दोघं हिंदुस्थानात आले. काही काळ त्यांनी हैदराबादेत निजामाकडे महसुलाचं मंत्रिपद सांभाळलं. पुढे अल्लामा इक्बाल यांच्या पुढाकाराने 1925 मध्ये ते लाहोरच्या इस्लामिया कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. दोन वर्षांनी सोडलं, 1935 मध्ये पुन्हा आले. 1928 मध्ये लीग ऑफ नेशन्सच्या सभेला हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होते. त्याच वर्षी अलाहाबादच्या हिंदुस्तानी अकॅडमीत त्यांनी मध्ययुगीन हिंदुस्थानच्या समाजजीवनावर व्याख्यानं दिली, ती उर्दूत. केंब्रिज, लिंकन्स इन, आयसीएस हे सगळं करून आलेला माणूस विद्वानांपुढे उभा राहून उर्दूत इतिहास सांगतो, हे आम्हाला त्यांच्या सगळ्या किताबांपेक्षा मोठं वाटतं. ती व्याख्यानं इंग्रजीत नंतर आली.

आता तर्जुम्याकडे येऊ. याची तयारी ते चाळीसेक वर्षं करत होते. पुस्तकं जमवली, प्रवास केले, टिपणं काढली, वेगवेगळ्या लोकांत बसून त्यांची मनं समजून घेतली. हस्तलिखित त्यांच्याबरोबर देशोदेशी फिरलं. आयुष्यात अशी एक वादळासारखी वेळ आली की बुद्धी ठिकाणावर राहील की नाही अशी अवस्था झाली, आणि या कामाने आपल्याला सावरलं, असं त्यांनी प्रस्तावनेत सुचवलं आहे. काय घडलं ते उघड लिहिलं नाही. लाहोरच्या तरुण मित्रांनी आग्रह धरला, शेख मुहम्मद अशरफ या प्रकाशकांनी छापायची तयारी दाखवली, आणि 1934 पासून एकेक सिपारा छापून बाहेर पडू लागला. काम 1937 मध्ये पुरं झालं. वर अरबी, शेजारी इंग्रजी, मधूनमधून मुक्त छंदातलं इंग्रजी विवेचन आणि खाली सहा हजारांहून जास्त टिपा.

या टिपा म्हणजे शब्दसंपत्ती कशी वाढते याचा चालताबोलता वर्ग आहे. तीन-चार नमुने सांगतो, आमच्या भाषेत.

पहिला बिस्मिल्लाहचाच. रहमान आणि रहीम या दोन्ही नावांत रहमतचाच धातू आहे. इंग्रजीत त्यांनी एकाला ग्रेशस आणि दुसऱ्याला मर्सिफुल हे शब्द घेतले आणि दोन्हींच्या आधी मोस्ट लावलं. पण लगेच टिपेत सांगून टाकलं की इंग्रजी व्याकरणाचं हे रूप इथे तोकडं पडतं. सुपरलेटिव्ह म्हटलं की तुलना आली, सगळ्यांत जास्त म्हटलं की बाकीचे कुणीतरी आले, आणि अल्लाहशी तुलना कुणाची करणार? अरबीतलं जोर देणारं रूप तुलना न करता जोर देतं. डिग्रीज ऑफ कंपॅरिझन हा धडा शिकवताना आम्ही हे उदाहरण घेतो. मुलं क्षणभर गप्प होतात आणि मग हात वर करतात. व्याकरण पाठ करायची गोष्ट आहे असं त्यांना त्या दिवशी वाटत नाही.

दुसरा शब्द रब्ब. साधा इंग्रजी शब्द लॉर्ड. पण लॉर्ड म्हणजे मालक, हुकूम करणारा. अरबी शब्दात पोसणं, जपणं, वाढवत वाढवत पूर्णत्वाला नेणं हेही आहे. म्हणून सूरह फातिहात त्यांनी एका शब्दाच्या जागी दोन ठेवले, चेरिशर आणि सस्टेनर. एकाच शब्दासाठी एकच शब्द हवा, हा आपला शाळकरी हट्ट त्यांनी सोडून दिला. गरज पडली तर दोन घ्या, पण अर्थ सांडू देऊ नका.

तिसरा सब्र. सूरह बकरहमध्ये त्यांनी या शब्दावर जी टीप लिहिली आहे ती प्रत्येक इंग्रजी शिक्षकाने वाचावी. पेशन्स म्हणून हा शब्द संपत नाही. घाई न करता काम नीट करणं, टिकून राहणं, इरादा ढळू न देणं, अधूनमधून उसळी न मारता सातत्य ठेवणं, आणि दुःखात कुरकुर न करता, पण हातपाय न गाळता, प्रसन्नपणे उभं राहणं, हे सगळं सब्रमध्ये आहे असं ते उलगडून दाखवतात. एवढ्या एका टिपेत पर्सिव्हिअरन्स, कॉन्स्टन्सी, स्टेडफास्टनेस असे शब्द येतात, पण कसे? अर्थाच्या गरजेने येतात. प्रत्येकाला आपली जागा आहे. वीस शब्दांच्या यादीत हेच तीन शब्द एकाखाली एक लिहिले तर मुलाला तिन्ही एकच वाटतात. आणि मराठी मुलासाठी तर हे आणखी सोपं. आपली सबुरी त्या सब्रमधूनच आली. मराठी बोलणारा माणूस धर्माने कोणीही असो, सबुरी म्हणजे काय हे त्याला कळतं. हजर, जाहीर, अर्ज, वकील, कायदा, हिशेब, फायदा, असे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून मराठीत येऊन इथलेच झालेत. आपल्या मुलांच्या हातात घरचं उर्दू, गल्लीतलं मराठी आणि मदरशातलं अरबी असं तिहेरी भांडवल आहे, आणि आपण त्यांना गरीब समजून याद्या पाठ करायला लावतो.

तकवाचंही तसंच. भीती, स्वतःला आवरणं, त्यातून येणारा नेकपणा असे अर्थाचे थर त्यांनी वेगळे करून ठेवले आहेत. फिअर हा एकच शब्द वापरला असता तर इंग्रजी वाचकाला वाटलं असतं, दीन म्हणजे नुसता धाक.

हे सगळं करण्यामागे त्यांची एक मोठी इच्छा होती आणि ती त्यांनी लिहून ठेवली आहे. इंग्रजी ही भाषाच इस्लामी अर्थ पेलू शकेल अशी व्हावी. फारसी एकेकाळी तशी झाली, तुर्की झाली, उर्दू तर त्यातच जन्मली. मग इंग्रजी का नाही? इंग्रजी शिकल्याने दीन जाईल की काय, या आपल्या पालकांच्या भीतीच्या बरोबर उलट्या टोकाला हा विचार उभा आहे. इंग्रजी आपल्याला बदलेल हे ते नाकारत नव्हते. आपणही तिला बदलू शकतो, एवढा आत्मविश्वास त्यांना होता. तो कुठून आला? चार-पाच वर्षांच्या वयात वडिलांनी जे कानात घातलं त्यातून, असं आम्हाला वाटतं.

तर्जुम्यात उणिवा नाहीत असं नाही. त्यांची इंग्रजी जड आहे, दाट आहे. बायबलच्या जुन्या तर्जुम्यासारखी दाऊ, दी, ये अशी सर्वनामं त्यात आहेत. 1934 मध्येही ती जुनाटच होती. आमच्या एका विद्यार्थ्याने निबंधात व्हेरिली लिहिलं होतं, तेव्हा त्याला समजवावं लागलं की हा शब्द वाचायचा, ओळखायचा, पण सुट्टीच्या अर्जात घालायचा नाही. काही टिपांतल्या मतांशी उलेमांचे मतभेद झाले. पुढे सौदी अरेबियात आणि अमेरिकेत सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, त्यांत काही टिपा बदलल्या, काही गाळल्या. मूळ आवृत्तीत त्यांनी अल्लाहसाठी गॉड हा शब्द ठेवला होता, सुधारकांनी तिथे अल्लाह घातलं. म्हणून घरात असलेली प्रत कोणती आहे ते पहिल्या पानावर बघून घ्यावं. लाहोरची जुनी असेल तर जपून ठेवावी. आणि मसलामसाईलसाठी आलिमांनाच विचारावं. भाषेसाठी मात्र ही टिपांची बाग मुलांना मोकळी करून द्यावी.

1938 च्या डिसेंबरात कॅनडातल्या एडमंटनमध्ये अल-रशीद मशिदीचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. ती कॅनडातली पहिली मशीद. 1940 मध्ये मुंबईच्या तारापोरवाला यांनी त्यांचं ब्रिटिश काळातल्या हिंदुस्थानच्या संस्कृतीवरचं पुस्तक छापलं. हाही विषय त्यांनी आधी उर्दूत लिहिला होता. मुंबईशी नातं असं लांबून राहिलं. ते स्वतः पुन्हा इंग्लंडला गेले. दुसरा संसारही विस्कटला होता. पहिल्या चार मुलांशी बोलणं नव्हतं. फाळणी झाली, साम्राज्य आटोपलं आणि ज्यांच्या सभांत ते बसत त्या लॉर्ड मंडळींना आता त्यांची गरज उरली नाही. जगभर त्यांचा तर्जुमा वाचला जात होता आणि हा म्हातारा लंडनच्या रस्त्यांवरून एकटा फिरत होता.

9 डिसेंबर 1953. लंडनची थंडी. वेस्टमिन्स्टर भागात एका इमारतीबाहेर एक वृद्ध माणूस गोंधळलेल्या, असहाय अवस्थेत पोलिसांना सापडला. त्याला वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमध्ये नेलं, दुसऱ्या दिवशी तिथून सोडलं. चेल्सीतल्या डव्हहाउस स्ट्रीटवरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. त्याच दिवशी हृदयविकाराचा झटका आला, फुलहॅमच्या सेंट स्टीफन्स हॉस्पिटलमध्ये नेलं आणि तिथे 10 डिसेंबरला युसूफ अली साहेबांचा इंतकाल झाला. वय 81. जवळ कुणी नव्हतं. घरचं कुणी मय्यत न्यायला आलं नाही. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

हा भाग मुलांना सांगावा की नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत. आम्ही सांगतो. इंग्रजीमुळे त्यांचं असं झालं, असं मात्र सांगत नाही, कारण ते खरं नाही. घरं उर्दू बोलणाऱ्यांचीही मोडतात, मराठी बोलणाऱ्यांचीही. पण एवढं खरं, की कुणाशी बोलायचं हे उरलं नाही तर हजारो शब्द असूनही माणूस मुका होतो. मुलगा मोठी इंग्रजी शिकून पुण्या-मुंबईला, पुढे दुबई-लंडनला गेला, तर त्याला घरच्या भाषेत आठवड्यातून एकदा फोन करायला लावा, ही आमची पालकांना नेहमीची सूचना. त्यात तर्जुमा-बिर्जुमा काही नाही.

मय्यतची व्यवस्था लंडनमधल्या पाकिस्तानच्या हाय कमिशनने केली. वोकिंगजवळ ब्रुकवुड इथे मोठी दफनभूमी आहे, तिच्या मुस्लिम भागात त्यांना दफन केलं. तिथेच जवळ मार्माड्यूक पिकथॉल यांची कबर आहे. पिकथॉल जन्माने इंग्रज, इस्लाम कबूल केलेले. 1920 मध्ये ते मुंबईला आले आणि बॉम्बे क्रॉनिकल या वर्तमानपत्राचे संपादक झाले. पुढे हैदराबादेत निजामाकडे नोकरी केली आणि 1930 मध्ये कुरआनचा आपला इंग्रजी तर्जुमा छापला, युसूफ अली साहेबांच्या चार वर्षं आधी. मुंबईत शिकून इंग्लंडला गेलेला एक आणि इंग्लंडमधून मुंबईला आलेला दुसरा, असे ते दोघे तिथे थोड्या अंतरावर आहेत.